आधी थांबायला शिका

आपल्याकडे मोटारसायकल शिकवण्याची एक ठरलेली पद्धत आहे. रविवारची सकाळ, शाळेचं किंवा मार्केट यार्डामागचं मोकळं मैदान, मागच्या सीटवर मामा नाहीतर चुलतभाऊ आणि त्याच्या तोंडी एकच मंत्र: क्लच हळू सोड, रेस दे. गाडी आचके न देता सुटली, दुसरा-तिसरा गिअर पडला, की शिकवणी संपली. ब्रेकच्या वाट्याला त्यात एखादंच वाक्य येतं, आणि तेही बहुधा ‘पुढचा दाबू नकोस हां, उलटशील’ असं. मग आरटीओत पाय न टेकवता आठचा आकडा काढून दाखवायचा, की लायसन्स पक्कं. त्या एका लायसन्सवर शंभर सीसीची गाडी चालवता येते आणि साडेतीनशे सीसीचीही. हा माणूस ताशी पन्नासच्या वेगातून, न घसरता, कमीत कमी अंतरात थांबू शकतो का, हे यात कुठेच कुणी पाहिलेलं नसतं. त्याने स्वतःही नाही.

नवशिक्याच्या मनातली धास्ती बरीचशी इथून येते, आणि ती रास्तच असते. आपल्याला ही गाडी पळवता येते, पण आवरता येईल की नाही याची खात्री नाही, हे त्याच्या हातापायांना कळत असतं. घरचे धीर देतात, ‘सवयीने जाईल.’ सवयीने भीती जाते, हे खरं आहे. थांबणं मात्र सवयीने येत नाही. पाच वर्षांनी हाच गडी एका हाताने हँडल धरून, मान तिरकी करून खांद्यात मोबाइल दाबून निघालेला दिसतो, आणि ब्रेक म्हटलं की त्याचा अजूनही फक्त उजवा पाय हलतो.

हे आपलंच दुखणं आहे असंही नाही. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांनी १९७० च्या दशकात लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८१ साली आला आणि आजही या विषयात त्याचं नाव निघतं. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. संकट समोर दिसल्यापासून धडकेपर्यंत त्यांच्याकडे साधारणपणे दोन सेकंदही नव्हते. त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घासत नेलं होतं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नव्हता. मामांचं वाक्य तिकडेही पोचलेलं असावं.

त्या वाक्यात काय चुकतं ते जरा सावकाश पाहण्यासारखं आहे. ब्रेक लागला की गाडीचा आणि आपला भार पुढे झुकतो. बसमध्ये ड्रायव्हरने ब्रेक मारल्यावर उभी माणसं पुढे ढकलली जातात तसाच. भार पुढे आला की पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि त्याची पकड वाढते, आणि त्याच क्षणी मागचा टायर हलका होतो. म्हणजे जोरात थांबण्याच्या वेळी खरं काम करू शकणारं चाक पुढचं असतं. मागचं हलकं चाक थोड्या जोरानेही अडकतं, घासत जातं आणि गाडीचा मागचा भाग शेपटासारखा डावी-उजवीकडे फिरू लागतो. म्हणूनच कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांना मोठी डिस्क पुढे असते आणि मागे अनेकदा साधा ड्रम असतो. ज्याने गाडी बनवली त्याला कोणता ब्रेक महत्त्वाचा हे ठाऊक होतं.

मग लोक पुढच्या ब्रेकने पडतात ते कसे? उलटून क्वचितच. साध्या प्रवासी गाडीचं पुढचं चाक अडकलं तर ते बहुधा बाजूला निसटतं आणि गाडी स्लीप होते. याची कारणं दोन. एक म्हणजे ब्रेक झटक्यात ओढणं: भार पुढे यायला क्षणभर लागतो, तो येण्याआधीच लिव्हर मुठीत आवळली तर टायरला पकड मिळण्यापूर्वी चाक थांबतं. दुसरं, हँडल वळलेलं असताना किंवा खडी, वाळू, शेण, ओलं पान असं काही चाकाखाली असताना पुढचा ब्रेक दाबणं. यावर उपाय लिंबू पिळण्याचा आहे. आधी हलकेच दाब, भार पुढे आलेला हाताला कळू द्यायचा आणि मग दाब वाढवत न्यायचा. मागचा ब्रेक सोबतीला, हलका. गाडी सरळ, नजर समोर, गुडघे टाकीला घट्ट लावलेले, म्हणजे अंगाचा भार मनगटांवर येत नाही.

हे मैदानात करून पाहायचं असतं, आणि पाहायला एक सकाळ पुरते. कोरडा, स्वच्छ, रिकामा रस्ता किंवा डांबरी पटांगण निवडावं. खडूने किंवा विटेने एक खूण करावी. आधी ताशी वीसच्या वेगाने येऊन खुणेपासून थांबायला लागावं, मग तीस, मग चाळीस. दरवेळी गाडी कुठे थांबली ते पायांनी मोजावं. पहिले काही प्रयत्न वाईटच जातात. नंतर थांबण्याचं अंतर पावलापावलाने आखडताना दिसतं, आणि माणसाच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो चार महिने ऑफिसला जाऊन-येऊन पडत नाही. ज्यांच्या गाडीला एबीएस आहे त्यांनी ते एकदा मुद्दाम चालू करून पाहावं. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला ते सक्तीचं आहे. चाक अडकू लागलं की ही यंत्रणा सेकंदाला अनेकदा ब्रेक सोडते आणि पुन्हा लावते. त्या वेळी लिव्हर किंवा पेडल हाता-पायाखाली थरथरतं. हे आधी माहीत नसेल तर ऐन प्रसंगी माणूस दचकून ब्रेक सोडून देतो. १२५ सीसी आणि त्याहून लहान इंजिनाच्या गाड्यांवर आणि स्कूटरवर बहुतेक जोडब्रेकची व्यवस्था असते. मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. पण थोडाच; त्या भरवशावर उजवा हात रिकामा ठेवू नये. आणि बऱ्याच गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, हे घेतानाच विचारून घ्यावं.

आता आकडे. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर जाते. समोर काही दिसून हात ब्रेकवर दाब देईपर्यंत एक सेकंद धरू. सावध माणसाला तेवढा लागतोच. सतरा मीटर तिथेच गेले. मग कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट वापरले तर आणखी वीसेक मीटर. एकूण सदतीस. नुसत्या मागच्या ब्रेकवर विसंबणाऱ्याला ब्रेक लागल्यानंतरचं अंतर साधारण दुप्पट लागतं. आणि ऐंशीचा वेग असेल तर? वेग फक्त वीसने वाढला, पण साठवाला ज्या जागी थांबलेला असेल, त्या जागेवरून ऐंशीवाला तितकाच उत्तम ब्रेक मारूनही साठच्या आसपासच्या वेगाने पुढे जात असतो. हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा मला ते चुकलंय असं वाटलं होतं. चुकलेलं नाही. पहिला सेकंद दोघांचाही फुकट जातो, त्यात ऐंशीवाला जास्त रस्ता खातो; वर वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं, हा नियम आहेच.

एकदा हे अंतर अंगात मुरलं की रस्ता वेगळा दिसू लागतो. दिसतोय तेवढ्या रस्त्यात मला थांबता येईल का, एवढा एकच प्रश्न उरतो, आणि सुरक्षित चालवण्याचे बहुतेक सल्ले त्याच्या पोटात मावतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नगर या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी सुरू झाली की रात्रीचा रस्ता बदलतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर झुकलेला ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीने माखलेला. साध्या गाडीच्या डिपरचा उजेड कामाचा असतो तो तीस-चाळीस मीटरपर्यंत. ऐंशीला थांबायला पन्नासहून अधिक मीटर लागतात. म्हणजे त्या रस्त्यावर रात्री ऐंशीने जाणारा माणूस आपल्या दिव्याच्या पुढे धावतोय; ट्रॉली दिसेल तेव्हा ती चुकवण्याची वेळ टळून गेलेली असेल. त्यातून समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर आला की तीस मीटरचेही दहा होतात. अशा वेळी समोरच्या दिव्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवून वेग उतरवावा. ट्रॉलीवाल्यांकडून रिफ्लेक्टर लावून घेणं हे कारखान्यांचं आणि पोलिसांचं काम, ते त्यांनी करावंच. पण अंधारात ब्रेक आपल्या हातात असतो.

घाटात हाच प्रश्न वळणावर येतो. वरंधा, आंबेनळी, ताम्हिणी, आंबोली. इथे दिसणारा रस्ता कधी कधी वीस मीटरांवर संपतो. नवख्याची चूक जवळपास ठरलेली असते. वळणात शिरल्यावर वेग जास्त आहे असं वाटतं, तो घाबरून रेस एकदम सोडतो किंवा ब्रेक दाबतो, गाडी झुकायचं सोडून उभी होते आणि सरळ बाहेर निघते. डाव्या वळणावर बाहेर निघणं म्हणजे थेट समोरून येणाऱ्यांच्या बाजूला. म्हणून वेग उतरवायचा तो वळणाआधी, गाडी सरळ असताना. गिअरही तेव्हाच खाली घ्यायचा. वळणात रेस अगदी हलकी पण कायम. आणि नजर वळण जिथे सुटतं तिथे. माणूस जिकडे पाहतो तिकडे त्याची गाडी जाते, ही गोष्ट कुणाही जुन्या चालवणाऱ्याला विचारा. दरीच्या कठड्याकडे किंवा खड्ड्याकडे टक लावली की चाक नेमकं तिकडेच ओढलं जातं. उजव्या वळणावर आणखी एक खोच आहे. चाकं आपल्या बाजूला असली तरी झुकलेलं डोकं मधल्या रेषेच्या पलीकडे गेलेलं असतं, आणि समोरून येणारी एसटी वळण घेताना सगळा रस्ता व्यापते. तेव्हा उजव्या वळणावर डावीकडे राहावं. अरुंद चढावर चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं, हा तर नियमच आहे. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून घाट उतरणारे महाभाग अजून भेटतात. इंजिनाचा अटकाव सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि तापलेला ड्रम नीट धरत नाही.

वळणाचं शास्त्रही गमतीचं आहे. वेगात असलेली दुचाकी डावीकडे वळवायची तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलावी लागते. चाक क्षणभर उजवीकडे जातं, गाडी डावीकडे झुकते आणि वळते. आपण सगळे हे नकळत करतच असतो. विमान बनवण्याआधी राइट बंधूंचं सायकलींचं दुकान होतं, आणि विल्बर राइटने अनेक सायकलस्वारांना डावीकडे कसे वळता असं विचारून पाहिलं होतं. एकालाही नीट सांगता आलं नव्हतं. माहीत असण्याचा फायदा एवढाच की अचानक समोर खड्डा किंवा कुत्रं आलं तर चुकवायला काय करायचं हे हाताला ठाऊक असतं: जिकडे जायचं ती मूठ ढकला. याचाही सराव त्याच पटांगणात, खुणेच्या जागी रिकामा खोका ठेवून होतो. मात्र ब्रेक आणि चुकवणं एकाच क्षणी करायचं नाही. आधी एक, मग दुसरं; टायरची पकड एका वेळी दोन्हीला पुरत नाही.

सगळ्यांत अवघड असतो तो अगदी कमी वेग, आणि तिशी-चाळिशीत स्कूटर शिकायला घेणाऱ्या बायकांना खरा जाच त्याचाच होतो. बाजारातली गर्दी, चढावरचा सिग्नल, पार्किंगमधलं वळण. दोन्ही पाय जमिनीवरून फरफटत नेण्याची सवय लागली की ती सुटत नाही, आणि पाय खाली असताना तोल सांभाळणं उलट कठीण जातं. इथे पुढचा ब्रेक वापरू नये. हँडल वळलेलं असताना तो लागला की गाडी तिथल्या तिथे आडवी होते. किंचित रेस चालू ठेवून मागचा ब्रेक हलका धरला की गाडी मुंगीच्या पावलांनीही सरळ जाते. गिअरच्या गाडीला हाफ क्लचची जोड द्यायची. नजर पुढच्या चाकावर नको, दहा पावलं पुढे हवी. आरटीओतला तो आठचा आकडा शिकवतो ते एवढंच, आणि तेवढ्यापुरता तो उपयोगीही आहे.

इतरांना आपण दिसतच नाही, असं धरून चालावं. यात त्यांचा दुष्टपणा नसतो. हर्ट यांच्या तपासणीत दुसऱ्या वाहनाशी झालेल्या धडकांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत समोरच्याने मोटारसायकलस्वाराचा हक्काचा रस्ता अडवला होता, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: दिसलाच नाही. डोळा लहान वस्तूला लांबची समजतो, म्हणून समोरून येणारी मोटारसायकल ट्रकपेक्षा उशिरा पोचेल असं चौकात वळणाऱ्याला वाटतं आणि तो मध्ये घुसतो. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा दिवा भर दुपारीही जळत असतो तो याचसाठी. ‘दादा, लाइट चालू राहिलाय’ म्हणणाऱ्यांना आता हे सांगता येईल. चौक आला की दोन बोटं पुढच्या ब्रेकवर ठेवावीत, म्हणजे त्या एका सेकंदातला काही भाग वाचतो. आणि ट्रकच्या किंवा बसच्या डाव्या बाजूने पुढे काढू नये. चालकाच्या आरशात आपण नसू, तर त्याच्या डाव्या वळणाचा विचार त्याने आपल्याला सांगितलेला नसतो.

आपल्याकडे गाड्या मुहूर्तावर घेतात आणि यातही एक धोका दडलेला आहे. पाडव्याला घेतलेली गाडी दोन-अडीच महिन्यांत पहिल्या पावसाला सामोरी जाते, दसऱ्याची थेट उसाच्या हंगामाला. हर्ट यांच्या अपघातग्रस्तांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना हातातली ती गाडी चालवून पाच महिनेही झाले नव्हते. त्यांत आधी वर्षानुवर्षं दुसरी गाडी चालवलेलेही होते. नवी गाडी म्हणजे नवा ब्रेक, नवा भार, नवी उंची. शिवाय कोऱ्या टायरचा वरचा पापुद्रा गुळगुळीत असतो, पहिले शे-सव्वाशे किलोमीटर त्याला झुकवू नये. पहिल्या पावसात रस्त्यावर वर्षभराचं तेल आणि धूळ वर येते, तो अर्धा-पाऊण तास सर्वांत निसरडा. झेब्रा पट्टे, गटारांची झाकणं, रेल्वे फाटकाचे रूळ ओले असताना गाडी सरळ ठेवून ओलांडावी, त्यांवर ब्रेकही नको. रूळ तिरके असतील तर जमेल तितकं काटकोनात.

आत्मविश्वासाबद्दल एक इशारा नॉर्वेतून येतो. तिथे १९७९ पासून नव्या मोटारचालकांना घसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं शिक्षण सक्तीचं केलं. पुढे पाहणी झाली तेव्हा तरुण मुलांचे घसरड्या रस्त्यांवरचे अपघात वाढलेले आढळले. घसरली तर सावरू, असा भरवसा आल्यावर त्यांनी वेगच कमी केला नव्हता. मैदानातला सराव याच कारणासाठी पायांनी मोजून करायचा. मोजलेलं अंतर माणसाला नम्र करतं, नुसती जमल्याची भावना करत नाही.

आणि मग हेल्मेट, ज्याच्यावर पुण्यात इतकी वर्षं वाद झालेत की आणखी एक परिच्छेद लिहायला संकोच वाटतो. १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे सर्जन ह्यू केर्न्स होते. त्यांनी पुढे लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, तो १९४१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात निरोप पोचवणाऱ्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. नंतरच्या अनेक अभ्यासांची बेरीज सांगते की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. काम करतो तो आतला थर्माकोलसारखा थर; तो चेपतो आणि धक्का स्वतः खातो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद. आयएसआयची खूण पाहावी, पट्टा हनुवटीखाली आवळावा. कोपरात अडकवलेलं हेल्मेट कोपराचंच रक्षण करतं.

राहता राहिला मागे बसणारा. त्याच्यासकट गाडीचं सगळं गणित बदलतं. वजन वाढतं, भार मागे सरकतो, थांबायला जास्त रस्ता लागतो, आणि मागच्या टायरमध्ये हवा जास्त लागते. किती ते साखळीच्या झाकणावर किंवा स्विंगआर्मवर चिकटवलेल्या कागदावर छापलेलं असतं, पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नये. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला जाळी असावी, धरायला मूठ आणि पाय ठेवायला पायरी असावी, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. ‘लूक बिघडतो’ म्हणून ती जाळी काढून घेणाऱ्यांची कमाल वाटते. एका बाजूला पाय टाकून बसण्यापेक्षा दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणं केव्हाही बरं. वळणावर मागच्याने चालवणाऱ्याच्या खांद्यावरून आतल्या बाजूला पाहावं, म्हणजे तो आपोआप गाडीसोबत झुकतो. घाबरून उलट्या बाजूला रेलला तर गाडी वळेनाशी होते. ब्रेक लागताना त्याने मागची मूठ धरलेली असावी, नाहीतर त्याचं सगळं वजन चालवणाऱ्याच्या पाठीवर आणि तिथून मनगटांवर येतं. एकट्याने खुणेपाशी चाळीसवरून थांबणं जमू लागलं, की त्याच पटांगणात एकदा मागे कुणाला तरी बसवून, आधी सांगून, पुन्हा वीसपासून सुरुवात करावी आणि पावलं मोजावीत.